ग्रुपवर अंगठा, मनात आकडेमोड

प्रिय 'ऐनवेळची',

सहा जणींचा जुना ग्रुप. सुट्ट्यांच्या हंगामात एक शनिवार-रविवार सगळ्यांनी मिळून बाहेर जायचं, हा दरवर्षीचा बेत. गेली दोन वर्षं तू शेवटच्या आठवड्यात गळालीस आणि दोन्ही वेळा कारण दिलंस सासूबाईंच्या तब्येतीचं. खरं कारण तू मला लिहिलंस: नवऱ्याचा धंदा बसलाय, महिना कसाबसा निघतो. यंदा एका मैत्रिणीने वेगळा मेसेज करून विचारलं, "तुझे मी भरू का?" तर ते तुला झोंबलं. आणि ग्रुपवर यंदा भाड्याने घ्यायच्या घराचे फोटो आले तेव्हा सगळ्यांबरोबर तूही अंगठा टाकून मोकळी झालीस.

मराठीत अंगठा दाखवण्याचा अर्थ तुला माहीत आहेच. सध्या तुला दोन्ही अर्थ लागू आहेत.

लाज वाटते हे मला कळतं. एकदा पैसे नव्हते म्हणून मी मैत्रिणींना कंबरदुखी सांगितली होती. पुढचा महिनाभर त्यांच्यासमोर खुर्चीतून उठताना मला कण्हावं लागायचं. त्या बिचाऱ्यांनी शेकायची पिशवी आणून दिली, ती अजून कपाटात आहे.

पण तुझ्या मैत्रिणी चिडल्यात त्या तू येत नाहीस म्हणून, असं तू धरून चालली आहेस. मला वाटतं, त्या हिशेबामुळे चिडल्या असाव्यात. अख्खं घर भाड्याने घेतलं की सहा जणी राहा नाहीतर पाच, भाडं तेवढंच. गाडीचंही तसंच. तू गळालीस की तुझा हिस्सा बाकीच्या पाच जणींत वाटला जातो, म्हणजे प्रत्येकीला 20 टक्के जादा. त्यातून गर्दीच्या दिवसांत इतक्या उशिरा रद्द केलं तर आगाऊ दिलेली रक्कम बहुतेक ठिकाणी बुडते. तुझी परिस्थिती त्यांच्यापासून झाकून राहावी म्हणून तू थाप मारलीस, आणि तिची किंमत त्यांनी मोजली. दोनदा.

म्हणून यंदा बुकिंगच्या आधी बोल. ग्रुपवर नको, तिथे पाच जणी एकदम हळहळायला लागल्या की तू पुन्हा "अगं, काही नाही गं" म्हणून मोकळी होशील. जिने "तुझे मी भरू का?" विचारलं तिलाच फोन कर. तिला अंदाज आलाय, नाहीतर तिने विचारलंच नसतं. तिने बाकीच्यांना काय सांगायचं आणि काय नाही, तेही तूच ठरव. धंद्याची सगळी कहाणी ऐकवायची गरज नाही. एवढंच म्हण: "यंदा हात आखडता आहे. माझ्याकडून इतकेच जमतील, त्यात बसत असेल तर येते. नसेल तर मला आत्ताच वगळून पाच जणींचं घर बघा." यातला 'इतकेच' म्हणजे खराखुरा आकडा हवा. तो नवऱ्याबरोबर बसून आधी ठरव, आणि त्यात जाण्यायेण्याचा आणि तिथला किरकोळ खर्चही धर. घरभाडं दिल्यावर हळूहळू फुगतो तो हाच.

आकडा कळला की वाटा निघतात. सुट्ट्या संपल्यानंतरच्या शनिवारी तेच घर बऱ्याचदा स्वस्तात मिळतं. तारीख हलत नसेल तर एकाच रात्रीसाठी जा, पण तुझा हिस्सा किती ते आधी बोलून घे, कारण लांब सुट्टीत बरेच मालक एका रात्रीसाठी घर देतच नाहीत आणि भाडं दोन्ही रात्रींचं लागतं. आणि तिने पुन्हा "मी भरते" म्हटलं, तर घ्यायचे की नाही ते तुझं तू बघ. घेतलेस तर उसने म्हणून घे आणि कधी देणार तेही तेव्हाच सांग. नको असतील तर सरळ नाही म्हण. तिच्यावर रुसू मात्र नकोस. मैत्रिणीला असं विचारणं सोपं नसतं, तिनेही तो मेसेज चारदा खोडून लिहिला असेल.

फोन आजच कर, फोटो आलेत म्हणजे बुकिंग फार लांब नाही. आणि सासूबाईंना यंदा ठणठणीत राहू दे.

तुझी,
मावशी