शनिवारची एसटी

प्रश्न : ताई, मी २५ वर्षांची. जव्हार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत शिक्षण सेविका आहे. माहेर नाशिक. शाळा सुटली की टाचण (दुसऱ्या दिवशीच्या पाठांची लेखी तयारी), पोषण आहाराची नोंद, मग ग्रुपवर 'माहिती आजच पाठवावी'. रविवारही त्यातच जातो. मैत्रिणीच्या केळवणाला गेले नाही, आता मैत्रिणी मला विचारतही नाहीत. इथे कुणाशी दोन शब्द बोलले की गावभर चर्चा. मानधन १६ हजार, त्यामुळे सारखं नाशिकला जाणंही परवडत नाही. काय करू?

उत्तर : अगं, केळवण चुकलं म्हणून मैत्रीण तुटत नाही. 'बघते, जमलं तर येते' हे चार वेळा ऐकलं की मात्र ती विचारणं सोडते.

माझी पहिली नेमणूक सुरगाण्याला. जिवलग मैत्रिणीच्या लग्नाला गेले नाही, कारण सोमवारी साहेब तपासणीला येणार होते. शाळेच्या नोंदवह्या पूर्ण करत बसले. साहेब आले गुरुवारी, चहा घेतला आणि वही न उघडता गेले. तिने दोन वर्षं पत्र टाकलं नाही, आणि बरोबरच केलं.

पुढे मी एक केलं. महिन्यातला पहिला शनिवार ठरवून टाकला. सकाळची शाळा आटोपली की थेट एसटी. नाशिकला जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ चहाची टपरी, तिथे आम्ही तिघी. वेळ मिळाला तर भेटू, असं नाही. तो शनिवारच भेटीचा. कधी दोघीच असायचो, पण भेट चुकली नाही. महिन्यातून एक फेरी तुझ्या मानधनातही बसेल. मैत्रिणींना तारीख आजच कळव, आणि केळवण चुकलं त्याबद्दल आधी फोन करून सॉरी म्हण. मेसेज नको.

आता टाचणाचं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याला किमान ४५ तास धरलेत, तेही तयारीसकट. शाळेचे साधारण ३६ गेले, तर उरले ९. म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज साधारण पावणेदोन तासांचंच काम. ते शाळेतच बसून संपव, वह्या खोलीवर नेऊ नकोस. खोलीवर नेलेली वही रविवार खाते, हे मी तीस वर्षं पाहिलंय. ग्रुपवरची 'तातडीची' माहिती रोज संध्याकाळी एकदाच बघ. बहुतेक वेळा तीच माहिती आठवड्याने पुन्हा मागतात. किरकोळ रजाही वापर. ती पुढच्या वर्षात जात नाही, साठवून काय करणार?

गावच्या चर्चेवर माझ्याकडे औषध नाही. तू नवी, एकटी, बोलणारच. पण खोलीत कोंडून घेतलंस तर आणखी बोलतील. अंगणवाडीताई, आशाताई यांच्या ओट्यावर जाऊन बस. त्या तुझ्याच वयाच्या असतील, आणि त्यांनाही कुणी विचारत नसेल. आमच्या गावच्या अंगणवाडीताईने मला नागलीची भाकरी थापायला शिकवली. माझी पहिली तिने सरळ कोंबड्यांना घातली!

होळीनंतर तुमच्या भागात बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचायचा उत्सव, असतो. पालक बोलावतील, नक्की जा. मुखवटे रात्री उशिरा निघतात, तेव्हा शाल घेऊन जा आणि दुसऱ्या दिवसाचं टाचण आधीच काढून ठेव.