हमाल ओझं घेऊन चालला तरी कार्य शून्य, हे नववीतल्या मुलीला कसं पटवावं?

तुम्ही विचारलंय की गती, कार्य-ऊर्जा आणि तरंग घरी कसे समजावून सांगावेत, आणि ‘हमालाचं कार्य शून्य’ या वाक्यावर मुलगी अडून बसली आहे. तिला अडून बसू द्या. मीही नववीत याच वाक्यावर अडलो होतो. माझे वडील हमाल होते.

अप्पा सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या वाहायचे. डोक्यावरून पाठीवर गोणपाटाची खोळ, हातात हुक. डिसेंबर-जानेवारीत आवक वाढली की पहाटे गेलेला माणूस दिवेलागणीनंतर घरी यायचा. सदरा कितीही धुतला तरी कांद्याचा वास जायचा नाही.

सरांनी फळ्यावर माणूस काढला, त्याच्या डोक्यावर पेटी. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन गुणिले दोन्हींमधल्या कोनाचा कोसाइन. बल वरच्या दिशेला, विस्थापन आडवं, मधला कोन ९० अंश, कोसाइन ९० म्हणजे शून्य. इथवर सगळं बरोबर. मग म्हणाले, “म्हणून हमाल दिवसभर ओझी वाहतो, पण कार्य शून्य करतो.” मागच्या बाकावरून कुणीतरी माझं नाव घेतलं आणि वर्ग हसला. मी उभा राहून विचारलं, “सर, मग घाम कशाचा येतो?” उत्तर मिळालं, “घाम म्हणजे कार्य नव्हे. परीक्षेत शून्य लिही. बस खाली.”

त्या रात्री वहीत हिशोब मांडला. ५० किलोची गोणी जमिनीपासून दीड मीटर वर न्यायची तर ५० गुणिले ९.८ गुणिले १.५, म्हणजे ७३५ ज्यूल. ट्रकपासून गाळ्यापर्यंत चाळीसेक मीटर चालणं, त्याचे शून्य. अप्पा जेवून ओसरीवर टेकले होते. “काय लिहायलास रे?” मी वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गोणी उचलताना एकदाच दम लागतोय. घेऊन चालताना पावलापावलाला लागतोय. तुझ्या सरांचं उलटं कसं?”

मला उत्तर देता आलं नाही. ते बीएस्सीला गेल्यावर मिळालं.

माणूस चाकावर चालत नाही. दर पावलाला कंबर तीन-चार सेंटिमीटर वर जाते आणि खाली येते, तिच्याबरोबर पाठीवरची गोणीही. ५० किलो चार सेंटिमीटर वर म्हणजे जवळपास २० ज्यूल. चाळीस मीटरला साठ पावलं धरा, १२०० ज्यूल झाले. उचलण्याचे ७३५, चालण्याचे १२००! गोणी खाली येते तेव्हा गुरुत्व तेवढंच कार्य करतं, म्हणून पुस्तकातली बेरीज शून्य येते. पण खाली येताना मिळालेली ऊर्जा अप्पांच्या पोटात परत जात नव्हती. उलट ओझं आवरत खाली आणायलाही स्नायूला खर्च करावा लागतो.

नुसतं उभं राहिलं तरी सुटका नाही. टेबलावर गोणी ठेवली तर टेबलाला काही लागत नाही. स्नायूला मात्र ताण टिकवायला आतले मायोसिन या प्रथिनाचे तंतू ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या तंतूंना सतत धरत-सोडत ठेवावे लागतात, आणि प्रत्येक वेळी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्ची पडतं. त्याची उष्णता होते. घाम कशाचा, याचं उत्तर हे आहे. सरांनी ते सांगायला हवं होतं. माहीत नसेल तर ‘उद्या बघून सांगतो’ म्हणायला हवं होतं.

अप्पांना हा हिशोब दाखवला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “मोकळं परत यायचं धरलास का?” धरलं नव्हतं.

माझं मत स्पष्ट आहे: ‘हमाल शून्य कार्य करतो’ हे वाक्य वर्गातून हद्दपार झालं पाहिजे. भौतिकशास्त्रातल्या ‘कार्य’ या शब्दाला आजचा अर्थ १८२९ मध्ये कोरिऑलिस या फ्रेंच अभियंत्याने दिला, आणि तो यंत्रांचा हिशोब मांडत होता. यंत्राने किती वजन किती उंच चढवलं, हे मोजायला ती व्याख्या चोख आहे. माणसाच्या मेहनतीचं माप म्हणून ती कुणी केलेलीच नव्हती. ‘गुरुत्वाविरुद्धचं निव्वळ कार्य शून्य’ म्हणा, कुणाचा बाप शून्य होत नाही. मी आज अकरावी-बारावीला हाच विषय शिकवतो आणि दरवर्षी या धड्याला एक अख्खा तास देतो.

तरंगांचं थोडक्यात सांगतो. सोलापुरात असाल तर मुलीला सिद्धेश्वर तलावाच्या काठावर न्या, खडा टाका आणि पाण्यावरच्या एखाद्या पानाकडे बघायला सांगा. तरंग काठाला येतो, पान जागच्या जागी वर-खाली होतं. ऊर्जा पुढे गेली, पाणी नाही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, ते थोड्या लांबच्या गच्चीवरून दाखवा. उजेड आधी, आवाज मागून. मधले सेकंद मोजा, ३४० ने गुणा, मीटरमध्ये अंतर मिळेल. त्याच यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच, जड काठी, पेलणाऱ्यांकडेही तिला नीट बघू द्या. काठी उभीच्या उभी, रस्ता सपाट, आणि मानकऱ्याच्या गळ्याच्या शिरा ताठलेल्या. गतीसाठी वेगळं काही करू नका, त्या प्रकरणातली गणितं सोडवली की ते बसतं.

एक सांगायचं राहिलं. १२०० हा वरचा आकडा आहे. चालताना थोडी ऊर्जा पुढच्या पावलाला कामी येते, आणि मुरलेला हमाल गुडघे किंचित वाकवून गोणी कमीत कमी हलू देतो. आणि ते सर बाकीचे धडे चांगले शिकवायचे, प्रकाशाचं प्रकरण मला त्यांच्यामुळेच आवडलं.

पेपरात मुलीला शून्यच लिहायला सांगा, फक्त पुढे ‘गुरुत्वाविरुद्ध’ हा शब्द जोडायला सांगा. त्याने गुण जात नाहीत, मी स्वतः पेपर तपासतो.