शेण आणि भुशाचं खत तीन महिन्यांत होतं का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरजवळ सांवेरकडे शेत आहे, दोन म्हशी आणि एक गाय आहे. शेण रोज उकिरड्यावर जातं, वर्ष उलटलं तरी भुशाच्या काड्या तशाच, आणि उकरलं की जाड पांढऱ्या अळ्या निघतात.

तीन महिन्यांत खत होतं, पण उकिरड्यावर नाही. रोज एकेक पाटी टाकत गेलं की ढीग कधी तापतच नाही. न तापलेल्या ढिगात काडी लवकर कुजत नाही, तणाचं बी मरत नाही, अळ्या मात्र पोसतात. ढीग एका दिवसात रचायचा, खरी मेख तीच.

पद्धत आपल्या इंदूरचीच आहे. आज कृषी महाविद्यालय आहे त्या आवारात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती बसवली, १९३१ साली छापून प्रसिद्ध केली. मात्र पुष्कळ जण तिच्यातलं गोमूत्र विसरतात आणि मग ढीग तापत नाही म्हणतात.

तुमच्या तीन जनावरांचं रोजचं ३०-३५ किलो शेण धरा. दोन आठवड्यांचं शेण सावलीत झाकून साठवा, साडेचार क्विंटल होईल. त्याला दोन क्विंटल कोरडा भुसा पुरतो, अर्धा सोयाबीनचा, अर्धा गव्हाचा. नुसता गव्हाचा घेऊ नका, त्यात नत्र फार कमी असतं. सोयाबीनच्या कडक काड्या आधी एक-दोन रात्री गुरांखाली अंथरा, तुडवल्या जातात आणि मूतही शोषतात. गोठ्यातली मूत मुरलेली माती चार-पाच घमेली, राख एखादं घमेलं. राख जास्त झाली किंवा चुना घातला तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं. हिरवं तण मिळालं तर उत्तम, फक्त गाजरगवत फुलायच्या आधीचं घ्या.

ढीग ६ फूट लांब, ५ फूट रुंद, ४ फूट उंच. तळाला तुरीच्या काड्या, त्यावर भुशाचा अर्धा फुटाचा थर, मग दोन इंच शेणाचा काला, वर मूत-माती भुरभुरवा. असेच थर चढवत जा, पायाने दाबू नका. मूठभर माल पिळल्यावर बोटांत ओल यावी, धार लागू नये. पावसाळ्यात काळ्या मातीत खड्डा म्हणजे डबकंच, तेव्हा ढीग उंचवट्यावर करून वर ताडपत्री टाका. उन्हाळ्यात दोन फूट खोल खड्डा चालतो, ओल टिकते.

तीन-चार दिवसांनी लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर ढीग ५५-६० अंशांवर आहे, छान चाललंय. कोमट निघाली तर बहुधा पाणी कमी आहे किंवा शेण कमी पडलंय. डोळ्यांना झोंबणारा वास आला तर उलटं, भुसा मिसळा. सडका वास म्हणजे पाणी जास्त झालं, हवा नाही, लगेच पलटा. आत पांढरी राखेसारखी बुरशी दिसली तर ढीग कोरडा पडतोय.

पलटी १५व्या, ३०व्या आणि ६०व्या दिवशी. बाहेरचा माल आत, आतला बाहेर, आणि प्रत्येक वेळी पाणी. पहिली पलटी चुकवू नका. कडेच्या मालाला ताप लागतच नाही, बी आणि अळ्या तिथेच वाचतात.

नव्वद दिवसांनी ढीग निम्मा होतो, मातीचा वास येतो, पाणी मारलं तरी परत तापत नाही. शंका वाटली तर कुंडीत त्यावर मेथी पेरा. उगवण पिवळी किंवा विरळ आली तर आणखी पंधरा दिवस थांबा. एका ढिगातून अडीच-तीन क्विंटल निघेल, म्हणजे एकरी दोन टनांसाठी सात-आठ ढीग लागतील. तेवढा भुसा हवा असेल तर नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेली धाटं, जाळू नका. खत जूनमध्ये पेरणीच्या आधी पसरा आणि त्याच दिवशी वखर फिरवा, उन्हात पडू देऊ नका.