केकवर मावतील का हजार चंद्र?

प्रश्न: काकू, सादर नमस्कार. जुलैच्या तिसऱ्या रविवारी आमच्या सासूबाईंना ८१ वर्षं पूर्ण होतायत. सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये ठेवलाय, दुपारी, चाळीसेक माणसं. आम्ही राहतो कासारवडवलीला. पुण्याची नणंद आणि नाशिकचे दीर शनिवारी सकाळीच आमच्याकडे उतरतील. माझ्या लेकीनं (वय ११) परस्पर जाहीर करून टाकलंय की आजीचा केक आई घरी करणार आणि त्यावर क्रीमचे हजार चंद्र काढणार. मोजून हजार. सासूबाई अंडं खात नाहीत. शिवाय वाढदिवसाला ज्योत विझवायची नाही, ओवाळायचं, हे त्यांचं ठाम मत. नणंद म्हणते, "कशाला धडपड? विकतचा आण." तिला तरी काय बोलणार! गेल्या जुलैत लेकीच्या वाढदिवसाला मी फाँडंटची (साखरेच्या मळलेल्या गोळ्याची) फुलपाखरं लावली होती. फ्रिजमधून केक बाहेर काढला आणि दहा मिनिटांत फुलपाखरांनी माना टाकल्या, निळा रंग पांढऱ्यावर ओघळला. घरी २८ लिटरचा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे. करू की नको?
— एक सून, घोडबंदर रोड

उत्तर: कर. पण फाँडंटचं नाव जुलैत काढायचं नाही. फाँडंट म्हणजे जवळजवळ सगळी साखरच, आणि साखर हवेतलं पाणी ओढून घेते. पावसाळ्यात ठाण्यात मिठाची बरणी पाझरते, तिथे तुझ्या फुलपाखरांची काय कथा! त्यात तू ती फ्रिजमध्ये ठेवलीस. गार वस्तू दमट हवेत आली की गार पाण्याच्या तांब्याला फुटतो तसा तिला घाम फुटतो. त्या घामात निळा रंग सुटला, बाकी काही नाही.

आता चंद्र. तुझं पत्र वाचून मी आधी पेन्सिल घेऊन बसले, कारण हजार हा आकडा म्हणायला सोपा असतो. आठ इंची डब्यातला केक क्रीम चढल्यावर साधारण साडेएकवीस सेंटीमीटर व्यासाचा होतो. उंची साडेनऊ धर. वरचा गोल भरतो ३६३ चौरस सेंटीमीटर, कडेची पट्टी ६४१. बेरीज १,००४. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरला एक ठिपका टाकला तर हजार चंद्र बसतात, जरा दाटीवाटीनं, पण बसतात. मला स्वतःला इतका आनंद झाला की यांना झोपेतून उठवून सांगितलं. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी साडेएकोणतीस दिवसांचं अंतर असतं. त्या हिशेबानं हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं आणि १० महिने लागतात. सासूबाईंचे तर हजार होऊन वर एखाद-दुसरा झालाय, तेव्हा लेकीची मोजदाद एकदोननं पुढेमागे झाली तरी काही बिघडत नाही. मात्र केकवर "८१" किंवा नाव घालायला जागा उरणार नाही. ते खालच्या पुठ्ठ्यावर लिही.

केकला साधा दह्याचा स्पंज कर. एका डब्याला दीड कप मैदा, पाऊण कप पिठीसाखर, एक कप ताजं दही, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा. व्हॅनिलाऐवजी वेलची आणि किंचित जायफळ घाल. ८१ वर्षांच्या जिभेला श्रीखंडाची ओळख आधी पटते. १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. साडेनऊ सेंटीमीटर उंचीसाठी असे दोन केक लागतील आणि तुझ्या ओटीजीत एका वेळी एकच डबा मावेल. इथेच बायका फसतात. दोन्हींचं पीठ एकदम कालवून ठेवतात. सोड्याची आणि दह्याची गाठ पडली की बुडबुडे लगेच सुटायला लागतात. दुसरं पीठ ओट्यावर पाऊण तास वाट बघत बसलं तर दम तिथेच संपतो, आणि दुसरा केक पहिल्याच्या निम्म्यानं फुगतो. कोरडं साहित्य दोन वाडग्यांत चाळून ठेव, दुसऱ्याचं दही-तेल-साखर मात्र पहिला केक बाहेर आल्यावरच मिसळ. हे काम शुक्रवारी रात्री. पूर्ण गार झाले की प्लास्टिकच्या फिल्ममध्ये घट्ट गुंडाळायचे. दुसऱ्या दिवशी कापायलाही सोपे जातात, भुगा कमी पडतो.

क्रीमबद्दल माझं मत थोडं वाकडं आहे. बाजारातली नॉनडेअरी व्हिप क्रीम मला चवीला आवडत नाही. ते वनस्पती तेलाचं काम, टाळूला चिकटतं. पण जुलैत उभं राहतं तेच. लोण्याचं आयसिंग आपल्या हवेत मऊ पडतं, आणि आपण भाजीत घालतो त्या पाकिटातल्या साध्या क्रीममध्ये २५ टक्केच स्निग्धांश असतो, ते कितीही घुसळलं तरी उभं राहत नाही. तेव्हा नाक मुरडत का होईना, नॉनडेअरीच घे. सगळं मिळून ६०० मिली पुरेल. चंद्रांना त्यातलं जेमतेम दीडशे लागतं, कारण घुसळल्यावर ते तिपटीच्या आसपास फुगतं. आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात आण. हलवल्यावर आत बर्फाची कचकच ऐकू आली पाहिजे, तेव्हाच घुसळायला घे. लिंपायला जरा सैल ठेव, चंद्रांना घट्ट. टोक उभं राहिलं की बीटर बंद. आणखी फिरवलंस तर रवाळ होतं आणि ठिपक्यांच्या कडा फाटतात.

शनिवारी दुपारी थर लावून, क्रीमचा पातळ हात फिरवून केक गार कर, मग शेवटचा हात. चंद्र संध्याकाळी, एसी लावलेल्या खोलीत, दार बंद करून. क्रीमच्या कोनाला साधं गोल नोझल, अर्ध्या सेंटीमीटर तोंडाचं. कडेवर एका ओळीत ६७ ठिपके येतात. कागदाची पट्टी केकच्या खालच्या पुठ्ठ्याभोवती लावून तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा कर, म्हणजे लेकीची ओळ वाकडी जाणार नाही. तिला एक गोष्ट आधीच दाखव. कोन मुठीत गच्च धरला की तळहाताची ऊब आतल्या क्रीमला लागते. पहिले तीस ठिपके मोत्यासारखे येतात, चाळिसावा बसका, पन्नासावा तर डोसाच. म्हणून कोन अर्धाच भरायचा, दोन कोन ठेवायचे, एक हातात आणि एक फ्रिजमध्ये, दर तीस चंद्रांनी अदलाबदल. एका ठिपक्याला तीन सेकंद धरले तरी हजाराला पन्नास मिनिटं होतात. अदलाबदल, भांडणं आणि "मी काढते", "आता माझी पाळी" धरून दोन तास मोकळे ठेव. नणंदेच्या मुलांनाही ओळी वाटून दे. एखादी ओळ बिघडली तर ती मागच्या बाजूला, फोटोत येत नाही.

खरी अडचण तुझ्या पत्रात कुठेच नाही. ती आहे फ्रिज. शनिवारी तुझ्या घरात पाहुणे, म्हणजे दूध जास्तीचं, कुणाचं तरी इन्सुलिन, अळूवड्यांचे उंडे, नाशिकहून आलेली द्राक्षं नसतील पण काहीतरी नक्की असेल. केकचा बारा इंची खोका मावेल असा एक अख्खा कप्पा शुक्रवारीच रिकामा कर, आधी खोक्याची उंची मोजून. शेजारी फ्रिज मागायची लाज वाटू देऊ नकोस. अळूवड्या तिकडे जाऊ देत, केक घरीच. आणि त्या कप्प्यात लसणाची चटणी उघडी नको, क्रीम वास ओढून घेतं.

रविवारचा प्रवास. माझ्या भावाच्या पन्नाशीला मी दोन मजली केक मांडीवर घेऊन गाडीत बसले होते, कारण मला वाटलं, मांडीइतकी सुरक्षित जागा कुठली! तीन हात नाक्याच्या सिग्नलला यांनी ब्रेक मारला आणि वरचा मजला माझ्या इरकलीच्या पदरात. मांडी उतरती असते, आणि गरमही. तू केक ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर पायाशी ठेव, खाली ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळी. ती सीट रिकामी ठेव आणि एसीची हवा पायाकडे सोड. मानपाडा, माजिवडा, नितीन कंपनी असं करत येताना घोडबंदर रोडवरचे पावसाळी खड्डे लागणारच. नवऱ्याला सांग, आज रुग्णवाहिकेचा नव्हे, पालखीचा वेग. आणि अर्धा कोन क्रीम बर्फाच्या डब्यात बरोबर घे, वाटेत पडलेले चंद्र तिथे लावायला.

ज्योतीच्या बाबतीत सासूबाईंचंच ऐक. मेणबत्त्या नकोतच, फुंकरीनं तुझे वरचे चंद्र उडतील, हे कारण नणंदेलाही पटेल. पण कणकेचे ८१ दिवे लावून औक्षण करणार असाल तर केक त्या वेळी टेबलावर मांडू नकोस. दिव्यांसाठी पंखे बंद करतात, ८१ वातींची धग असते, चाळीस माणसं भोवती कोंडाळं करून उभी. दहा मिनिटांत केकचा चिखल होईल. हॉलवाल्यांकडे फ्रिज आहे का हे आजच विचारून घे. आधी सुपारी-अंगठीचं औक्षण, नमस्कार, फोटो, मग पंखे सुरू, आणि मग केक. सुरी सासूबाईंच्या हातात, तिच्यावर लेकीचा हात.

चाळीस माणसांना माणशी चाळीस-पन्नास ग्रॅमचा तुकडा येईल, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस चंद्र. अर्थात, कापल्यावर आतल्या तुकड्यांना फक्त वरचे मिळतात आणि कडेच्यांना दोन्हीकडचे. लेक प्रत्येकाच्या बशीतले मोजत फिरणार, हे मी आत्ताच सांगते. आजीला कडेचा तुकडा दे. नणंदेला मधला.