धुळे-जळगाव हायवेवर सगळेच जोरात जातात, मग चलान मलाच का? हा अन्याय नाही का?

‘बाकीचेही पळवत होते’ हा बचाव कायद्यात टिकत नाही. पण तुमची चीड मला रास्त वाटते. एका गाडीला दंड आणि मागून तितक्याच वेगाने आलेल्या केळीच्या ट्रकला वाट मोकळी, असं दिसलं की लोक वेगमर्यादा मानत नाहीत, फक्त कॅमेरा कुठे आहे ते लक्षात ठेवतात.

कायद्याने मनमानीला थोडा लगाम घातलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 नुसार, ‘गाडी जोरात होती असं मला वाटलं’ एवढ्या एकाच साक्षीवर शिक्षा होत नाही. यंत्राने मोजलेला वेग लागतो. केंद्रीय नियम 167-अ (2021) सांगतो की कॅमेऱ्याच्या यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारं मान्यता प्रमाणपत्र हवं आणि निगराणी असलेल्या पट्ट्याआधी ठळक सूचनाफलक हवा. फलक नसेल, तर नेमकं तिथेच बोट ठेवा.

माझं स्पष्ट मत: जळगावात हायवे थेट वस्तीतून जातो. अजिंठा चौक, इच्छादेवी चौक, आकाशवाणी चौक इथे माणसं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात. तपासणी आधी तिथे व्हावी, रोज व्हावी, आणि नंबरप्लेट कोणाची आहे हे न बघता व्हावी. उताराच्या मोकळ्या रस्त्यावर आडोशाला गाडी लावून पावत्या फाडल्याने कोणाचा जीव वाचतो?

चलानावरचा फोटो, जागा, वेळ, नोंदलेला वेग आणि तिथली मर्यादा ताडून पाहा. चूक दिसली तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता येते.