दागिन्यांच्या व्यापारी प्रदर्शनासाठी ३ मीटर × ३ मीटरच्या स्टॉलची आखणी कशी करावी?

समोरून उघडा, तीन बाजूंनी भिंती असलेला ३ × ३ मीटरचा स्टॉल, सोन्याचे व हिऱ्यांचे दागिने, थोडे रंगीत खडे आणि मोती; सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलं आहे. बहुतेक जण मागच्या भिंतीवरच्या मोठ्या फोटोपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात एका दागिन्याच्या वाटेपासून करावी. तो शोकेसमधून निघतो, ट्रेवर येतो, खरेदीदाराच्या हातात जातो आणि परत त्याच खाचेत बसतो. या वाटेवर कुलूप कुठे, दिवा कुठे, माणूस कुठे उभा, हे ठरलं की बाकीचं पटापट बसत जातं.

दर्शनी बाजू ३०० सेंमी आहे. तिथे १०० सेंमी लांब, ५० सेंमी खोल अशा दोन शोकेस लावा आणि उरलेली १०० सेंमी जागा आत यायला मोकळी ठेवा. शोकेस मागूनच उघडल्या पाहिजेत. त्यांच्यामागे किमान ९० सेंमी जागा हवी, नाहीतर दोन माणसं एकमेकांना ओलांडताना ट्रेला कोपर लागतं. मग मागे १६० सेंमीची पट्टी उरते. त्यात ९० × ६० सेंमीचं टेबल, विक्रेत्याची एक आणि खरेदीदारांच्या दोन खुर्च्या, शिवाय कोपऱ्यात ६० × ६० सेंमीचं कुलपाचं कपाट मावतं. हे टेबल वगळून तिथे तिसरी शोकेस घालण्याचा मोह होतो. तो टाळाच. व्यापारी खरेदीदार वजन, घडणावळ आणि मुदत बसूनच बोलतो. स्टॉलसमोरच्या ये-जा करण्याच्या वाटेत उभ्याउभ्या मोठी ऑर्डर क्वचितच देतो. टेबल असं लावा की खरेदीदाराची पाठ वाटेकडे राहील आणि विक्रेत्याला समोरची वाट दिसत राहील. म्हणजे भाव बोलताना बाहेरच्याला आकडे दिसत नाहीत, आणि शोकेसवरची नजरही सुटत नाही.

प्रकाशावर सगळ्यात जास्त विचार करा, कारण प्रदर्शनाच्या हॉलमधला पांढरा, पसरट उजेड दागिन्याला मारून टाकतो. प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर, जास्त तितका निळसर पांढरा. पिवळ्या सोन्याला ३००० केल्विनच्या आसपासचा उबदार प्रकाश खुलवतो, हिऱ्याला आणि पांढऱ्या सोन्याला ५००० ते ६००० केल्विनचा. दोन्ही एकाच शोकेसमध्ये ठेवून मधला ४००० केल्विन घेतला तर दोघांचंही थोडं नुकसान होतं. शोकेस दोन आहेतच, तर एक सोन्याची आणि एक हिऱ्यांची करा. सी.आर.आय., म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा, ९० किंवा वर असावा आणि आर९ हा गडद लाल रंग किती खरा दिसतो याचा आकडा वेगळा विचारून घ्या. तो कमी असला तर चांगलं माणिकसुद्धा तपकिरी, मेलेलं दिसतं. टांझानाइट हा निळा-जांभळा खडा उबदार दिव्याखाली जांभळ्याकडे झुकतो आणि दिवसासारख्या प्रकाशात निळा दिसतो. म्हणून टेबलावरचा दिवा ५००० केल्विनचाच हवा. खरेदीदार त्याच दिव्याखाली निर्णय घेतो, आणि रंग नंतर वेगळा दिसला तर माल परत येतो.

हिऱ्याची चकाकी सलग एल.ई.डी. पट्टीखाली निघत नाही. पैलूंवर ठिणगी उठायला सुटे, बिंदूसारखे लहान दिवे लागतात. मोत्याला याच्या उलट, मऊ पसरलेला प्रकाश हवा. दिवे शोकेसच्या पुढच्या वरच्या कडेला, आतून मागे झुकवून लावा. छतावरचा स्पॉटलाइट बघणाऱ्याच्या पाठीमागून आला तर त्याच्याच डोक्याची सावली मालावर पडते, आणि वरच्या काचेत दिव्याचं प्रतिबिंब दिसतं ते वेगळंच. भाड्याच्या शोकेसमध्ये हॅलोजन असेल तर बदलून मागा. त्याच्या उष्णतेने ओपलला बारीक चिरा जाऊ शकतात, मोती कोरडे पडतात आणि पाचूच्या भेगांत भरलेलं तेल सुकून भेगा दिसू लागतात. मोत्यांच्या कप्प्यात नजरेआड पाण्याची लहान वाटी ठेवा.

विजेचा हिशेब सोपा आहे: शोकेसमध्ये ३ वॅटचे १२ दिवे म्हणजे ३६ वॅट, वर २० वॅटचे ४ म्हणजे ८०, लॅपटॉप आणि चार्जर धरून एकूण २५० च्या आत. मागणी ५०० वॅटची नोंदवा. अलार्म लावणार असाल तर रात्रभर चालू राहणारी लाइन वेगळी मागावी लागते, कारण हॉल बंद झाला की साधारणपणे स्टॉलची वीजही तोडतात.

काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली घ्या. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच कडेला घाव बसला की एका झटक्यात भुगा होते. लॅमिनेटेड तडकते, पण चिकटून राहते आणि चोराचा वेळ खाते. प्रत्येक शोकेसची किल्ली निराळी हवी, हे भाड्याने घेताना आधी तपासा, कारण पुष्कळदा सगळ्यांना एकच किल्ली लागते.

चोरी बहुतेक वेळा लक्ष विचलित करून होते: एक जण भाव विचारतो, दुसरा तिसराच दागिना मागतो, आणि मधल्या क्षणात ट्रे हलका होतो. यावर खाचांचे ट्रे कामी येतात. १२ खाचांच्या ट्रेमध्ये १२ नगच ठेवा. एखादा विकला तर खाच रिकामी न सोडता तिथे टोपण बसवा, म्हणजे रिकामी खाच दिसली की नग गेल्याचं लगेच कळतं. टेबलावर एका वेळी एकच ट्रे, आणि तो आत जाईपर्यंत दुसरा निघत नाही. परत घेताना नगासोबत टॅग आणि वजनही पाहा. सारखा दिसणारा खोटा नग ठेवून खरा नेणं हा जुना प्रकार आहे. यासाठी माणसं किमान तीन लागतात: टेबलावर एक, शोकेसवर एक, आणि जेवणाखाण्याला मोकळीक देणारा तिसरा.

टेबलाच्या खणात ०.०१ ग्रॅमचा आणि कॅरेटचा वजनकाटा, १० पट भिंग, चिमटा, अंगठीचं माप, आरसा आणि पुसायचं कापड ठेवा. चांदीचा माल असेल तर शोकेसमध्ये लोकरीचं कापड आणि रबर नको. त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते.

माल परदेशात न्यायचा असेल तर ए.टी.ए. कार्ने, म्हणजे माल शुल्क न भरता तात्पुरता परदेशी नेण्याचा सीमाशुल्काचा कागद, लवकर करा. त्यात प्रत्येक नग वजनासकट लिहावा लागतो आणि एकदा निघालेल्या यादीत भर घालता येत नाही. कार्ने परत आणायच्या मालासाठीच असतो. माल तिथे विकला तर त्या देशाचं शुल्क आणि कर लागतात. विम्यात प्रवास, हॉलमधले तास आणि रात्रीची तिजोरी तिन्ही धरलेत का, हे लेखी घ्या. कुणी राखणीला नसताना गाडीत ठेवलेला माल विम्यातून सहसा वगळलेला असतो.

सगळ्यात धोक्याचा वेळ मांडणी आणि आवराआवरीचा. तेव्हा हॉलमध्ये कामगार, हातगाड्या, उघडी दारं, सगळंच असतं. म्हणून आधी दिवे आणि कुलुपं तपासून घ्या आणि माल शेवटी आणा. शेवटच्या दिवशी क्रम उलटा: यादीवर मोजदाद, वजन, सील, माल तिजोरीत किंवा वाहतूकदाराच्या ताब्यात, सही घेतलेली पावती हातात, आणि त्यानंतरच पहिला दिवा काढायचा.