वाचकांचे प्रश्न : वृत्तपत्र संघटना आणि कागद

प्रश्न : प्रादेशिक वृत्तपत्र संघटना अधिवेशने आणि सत्कार यांपलीकडे काही ठोस काम करतात का?

उत्तर : करतात, मात्र ते वाचकाच्या नजरेस क्वचितच पडते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील प्रकाशकांनी १९०३ मध्ये स्थापन केलेल्या ‘सदर्न न्यूजपेपर पब्लिशर्स असोसिएशन’चे उदाहरण घ्यावे. (सत्कार तिथेही होतच असणार.) न्यूजप्रिंट, म्हणजे वृत्तपत्र छापण्याचा कागद, प्रामुख्याने कॅनडातून येई आणि दारात पाइनची जंगले उभी असूनही त्या राळयुक्त लाकडापासून असा कागद होणार नाही, असा समज होता. चार्ल्स हर्टी या रसायनशास्त्रज्ञाने सव्हाना येथील प्रयोगशाळेत तो खोडून काढला आणि १९३३ मध्ये जॉर्जियातील ‘सोपर्टन न्यूज’ हे छोटे वृत्तपत्र पाइनच्या कागदावर छापलेही गेले. परंतु कागदगिरणीसाठी भांडवल कोण घालणार? संघटनेतील प्रकाशकांनी पुढाकार घेऊन कागदखरेदीचे करार केले, भागभांडवलही दिले आणि १९४० मध्ये टेक्सासमधील लफकिनच्या गिरणीतून कागद निघू लागला. एकट्यादुकट्या दैनिकाच्या शब्दावर एवढे भांडवल उभे राहिले नसते, असे आम्हांस वाटते. २०१९ मध्ये ही संघटना आणि ‘इनलँड प्रेस असोसिएशन’ ही दुसरी वृत्तपत्र संघटना यांचे एकत्रीकरण होऊन ‘अमेरिकाज न्यूजपेपर्स’ ही संस्था अस्तित्वात आली.